छत्तीसचा आकडा

१२ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये टोयोटाच्या टुंड्रा या पिकअपने ‘एंडेव्हर’ हे अवकाशयान एका पुलावरून ओढून नेलं. यान आणि खालची चाकांची चौकट मिळून वजन सुमारे २,९२,५०० पौंड, म्हणजे १३० टनांच्या वर. त्याआधी २००६ साली इंग्लंडमध्ये फोक्सवॅगनच्या टुआरेगने बोइंग ७४७ विमान ओढून दाखवलं होतं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९४७ साली, आल्फ्रेड लेतूर्नर या फ्रेंच सायकलपटूने एअरस्ट्रीम कंपनीचा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर चक्क सायकलला जोडून ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो छापून आले. पण ॲव्हरेज किती पडलं, हे तिघांपैकी कोणाच्याही जाहिरातीत नाही.

हा प्रश्न पडायला मराठी माणूसच लागतो.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी तीसेक वर्षं काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. महाराष्ट्र मंडळात त्यांना सगळे काका म्हणतात, म्हणून इथेही काकाच. नोकरीत असताना अमेरिका बघायची राहून गेली होती. काकूंना हॉटेलची अडचण अशी की तिथे फोडणी देता येत नाही. दिली तर छतावरचा भोंगा वाजतो आणि अग्निशमन दल येतं. यावर उपाय म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर: त्यात ओटा, शेगडी, फ्रीज, पलंग आणि एक असं न्हाणीघर, की ज्यात शिरायचं असेल तर आधी मनाशी ठरवून शिरावं लागतं, आत वळता येत नाही.

ओढायला गाडी तयारच होती. टोयोटाची सिएना हायब्रिड, पुढच्या चाकांवर चालणारी. तिच्या काचेवर आलेला सरकारी कागद काकांनी जपून ठेवला आहे: शहरात गॅलनला ३६ मैल, महामार्गावर ३६, एकूण ३६. भारतीय हिशेबाने लिटरला १५ किलोमीटरच्या वर, आणि तेही आठ माणसं मावणाऱ्या गाडीत. कंपनीच्या म्हणण्यानुसार ती ३,५०० पौंड ओढू शकते. सतरा फुटी ट्रेलरच्या माहितीपत्रकात वजन लिहिलं होतं २,६०० पौंड. काकांनी जागच्या जागी वजाबाकी केली. नऊशे पौंड शिल्लक.

ट्रेलर विकणाऱ्याला ही वजाबाकी आवडली नाही. त्याच्या मते ज्याला ट्रेलर ओढायचा आहे त्याने पिकअपच घ्यावा, आणि पिकअप घ्यायचाच तर भारी डिझेल घ्यावा. त्याने असा एक पिकअप दाखवलाही. त्यात चढायला पायरी होती. काकांनी खिडकीवरचा कागद खालपासून वरपर्यंत वाचला. किंमत होती, रंग होता, आसनाला आतून थंड हवा सोडण्याची सोय होती, पण ॲव्हरेजचा आकडा नव्हता. विक्रेत्याची यात काही लबाडी नव्हे. गाडीचं मालासकट कमाल वजन ८,५०० पौंडांच्या वर गेलं, की अशा पिकअपला तो आकडा चिकटवायची सक्ती अमेरिकेत नाही. ज्या गाड्या सर्वांत जास्त पितात त्यांच्याच पेल्यावर खुणा नाहीत, हा अमेरिकी कायद्याचा दिलदारपणा काकांना मानवला नाही.

“हा किती देतो?” काकांनी विचारलं.

“सर, हा चौदा हजार पौंड ओढतो,” विक्रेता म्हणाला.

दोघंही खरंच बोलत होते. फक्त एकमेकांशी बोलत नव्हते.

त्या रात्री काकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिशेब मांडला, आणि हिशेब जसा मांडावा तसाच मांडला. वर्षाला साधी धाव १२,००० मैल, ट्रेलर घेऊन ३,००० मैल. सिएना रिकामी ३६ देते, ट्रेलर ओढताना १६ देईल असं धरलं, तर वर्षाचे साधारण ५२१ गॅलन. पेट्रोलवरचा मधल्या आकाराचा पिकअप रिकामा २० आणि ओढताना ११ धरला, तर ८७३. साडेतीनशे गॅलनचा फरक. गंमत अशी, की त्यातला पाऊण हिस्सा ट्रेलर घरी उभा असतानाच्या दिवसांत पडतो. पिकअपवाल्यांचं नेहमीचं म्हणणं असतं, की ओझं मागे लागलं की सगळ्याच गाड्या सारख्या पितात. ते थोडंफार खरं असेलही. पण भाजी आणायला, देवळात आणि दातांच्या डॉक्टरकडे कोणी ट्रेलर घेऊन जात नाही. सिएना ठरली.

आता सामान. यात काकांनी कायदा आणला. अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलरचं जितकं वजन गाडीच्या हुकावर टेकतं तेही यातच धरायचं, आणि ते ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावं लागतं. कमी ठेवलं तर ट्रेलर मागे शेपटी हलवू लागतो. तेव्हा ‘३,५०० पौंड ओढते’ हे वाक्य जाहिरातीत ऐटीत उभं असलं, तरी प्रत्यक्षात काकांचे १८० पौंड, काकूंनी न सांगितलेले पौंड, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या काकूंच्या आई, हुकावरचे तीनशेवर पौंड आणि बॅगा हे सगळं त्या एका स्टिकरवर येऊन बसतं.

ओढण्याचे आकडे ठरवायची एक प्रमाण पद्धत अमेरिकेत आहे, एसएई जे२८०७ नावाची. तिच्यातली मुख्य परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या चढावर बेतलेली आहे. भर उन्हाळ्याची उष्णता, एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण ओझं, आणि तरी गाडीने ठरलेल्या वेगाच्या खाली यायचं नाही. परीक्षा कडक आहे, यात वाद नाही. फक्त गाडीत माणसं दोन धरतात आणि प्रत्येकी १५० पौंडांची. म्हणजे ६८ किलो. दोन्ही बाजूंच्या वजनांवर नजर टाकून काका गप्प बसले. संसाराला वर्षं झाली की माणूस कुठे बोलू नये हे शिकतो.

पण कुकर, मिक्सर, पोळपाट आणि खलबत्ता बाहेर काढावेत, असं मात्र त्यांनी सुचवलं. याला हॉलिवुडचा आधार होता. १९५४ साली आलेल्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या चित्रपटात ल्यूसिल बॉल आणि देसी अर्नाझ नवा संसार ट्रेलरमध्ये थाटतात. ती जाईल तिथले दगड आठवण म्हणून गोळा करते, तो ते टाकून दे म्हणतो, ती लपवून ठेवते, आणि डोंगराच्या चढावर व्हायचं ते होतं. काकूंनी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. मग त्या उठून ट्रेलरभोवती एक फेरी मारून आल्या.

“अहो, या टाकीत काय आहे?”

“पाणी. वीस गॅलन.”

“तिथे नळ नाहीत का?”

नळ होते. जवळपास प्रत्येक कँपग्राउंडवर असतात. गॅलनभर पाणी ८.३ पौंड भरतं, म्हणजे वीस गॅलनचे १६६ पौंड काका न्यू जर्सीतून कोलोरॅडोला घेऊन निघाले होते. टाकी रिकामी झाली. खलबत्ता आत गेला.

पेनसिल्व्हेनियातल्या एका ट्रक थांब्यावर वजन करायचं ठरलं. मोठ्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. गाडीची पुढची चाकं एका पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर उभी करायची, खांबावरचं बटण दाबायचं आणि आतल्या बाईंशी बोलायचं. थोडक्या डॉलरांत तिन्हींचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. ट्रेलर घेणाऱ्याने माहितीपत्रकाऐवजी या चिठ्ठीवर विश्वास ठेवावा. काकूंच्या आई मात्र अस्वस्थ झाल्या.

“जावईबापू, मी खाली उतरू का?”

“नको आई, हिशेब चुकेल.”

“पण मागे ट्रकवाले बघतायत.”

चिठ्ठी आली. २,६०० पौंडांचा ट्रेलर ३,२०० च्या वर भरला होता. बॅटरी, गॅसची टाकी, अंथरुणं, भांडी, तांदूळ, पिठं, यातलं काहीही माहितीपत्रकात धरलेलं नसतं. आकडे मर्यादेत बसले होते. पण त्या मर्यादेत आता एक नारळ मावेल इतकीच जागा उरली होती.

कॅन्ससबद्दल लोक सांगतात की ते सपाट आहे. आय-७० महामार्गावरून पूर्वेकडून शिरताना समुद्रसपाटीपासूनची उंची हजार फुटांच्या आत असते आणि पश्चिमेला गुडलँडला पोचेपर्यंत ती साडेतीन हजारांच्या वर गेलेली असते. चारशे मैलांत हा चढ इतका बेमालूम पसरलेला आहे की डोळ्यांना कळत नाही. पेट्रोलच्या टाकीला कळतो. त्यात समोरून वारा. कॅन्ससात ७५ मैलांची वेगमर्यादा आहे, म्हणून काकांनी ७० ठेवला आणि काट्याकडे पाहिलं. १३.

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला तो नेमका तेव्हाच. “दादा, ॲव्हरेज किती देते?”

“साडेपाच.”

“गॅलनला?”

“लिटरला. किलोमीटर.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “अरे, एवढ्यात तर आपली एसटी अख्खं लग्नाचं वऱ्हाड नेते.”

इथे काकांचा मूळ घोटाळा उघडा पडला. ते गाडी निवडत बसले होते; निवडायला हवा होता तो ट्रेलर. सपाट रस्त्यावर एकदा वेग धरला की वजन फारसं खात नाही. वजन खातं चढावर आणि सिग्नलवर. महामार्गावर बरंचसं पेट्रोल जातं ते हवा बाजूला सारण्यात, आणि काकांचा ट्रेलर सिएनाच्या टपावरून दोन-तीन फूट वर डोकं काढून, सपाट थोबाड करून त्या हवेसमोर उभा होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ वरून ५५ वर आलात तर तो पाव हिश्श्याहून अधिक कमी होतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ५५ मैलांचीच मर्यादा आहे. तिला लोक शिव्या देतात, पण ओढताना ॲव्हरेज तीच वाढवून देते. काही गाड्यांच्या माहितीपुस्तकात तर वजनासोबत ट्रेलरच्या पुढच्या बाजूच्या चौरस फुटांचीही मर्यादा दिलेली असते. ते पान कोणी वाचत नाही.

गुडलँडला ८० फूट उंचीच्या ईझलवर व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची प्रचंड प्रतिकृती आहे. तिथे उतरून काकूंनी पोहे केले. पुढे ५८ ने गेल्यावर काटा १७ वर आला आणि काका पुन्हा बोलू लागले.

डेन्व्हरनंतर आयझेनहॉवर बोगदा. बोगद्याची उंची ११,१५८ फूट. एवढ्या वर हवा विरळ, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटलेली. हायब्रिडची बॅटरी चढाच्या सुरुवातीला जोमाने मदत करते आणि थोड्या वेळात संपते. मग उरतं ते अडीच लिटरचं बिचारं इंजिन. सगळ्यात उजव्या लेनमध्ये, सिमेंटच्या ट्रकमागे, धोक्याचे दिवे लुकलुकवत सिएना वर चढली. पलीकडे सात टक्क्यांचा उतार आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बांधलेले खडीचे फाटे. उतरताना बॅटरी पाहता पाहता भरली. ती भरली की गाडी उताराचा जोर इंजिनाच्या गळ्यात घालते आणि इंजिन ओरडायला लागतं. काकूंच्या आईंनी डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं.

डिलन जलाशयाकाठच्या कँपग्राउंडवर शेजारी सत्तरीतलं एक अमेरिकन जोडपं होतं. त्यांच्याकडे सुबारू आउटबॅक, आणि तिच्यामागे तेरा फुटी, फायबरग्लासचा, अंड्याच्या आकाराचा स्कँप; मिनेसोटात बनणारा, दीड हजार पौंडांच्या आसपासचा. म्हाताऱ्याने सांगितलं, मला ओढताना वीसच्या वर पडतं. काकांनी त्या अंड्याला तीन फेऱ्या मारल्या. कोपरा नाही, वारा गोलाकार पाठीवरून निसटून जातो. या जातीचा मूळ पुरुष म्हणजे कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६८ साली निघालेला बोलर. तो बनवणाऱ्या रे ओलेको यांनी त्याआधी फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवली होती. हलकी, मजबूत आणि गळत नाही. मग यात माणसं का राहू नयेत, असा तो विचार. काकूंना ही माहिती काकांनी जेवण झाल्यावर दिली.

त्याच संध्याकाळी एक इलेक्ट्रिक पिकअपवाला उशिरा पोचला. दमलेला, पण तत्त्वाला चिकटून. ट्रेलर जोडला की त्याच्या गाडीचा पल्ला साधारण निम्म्यावर येतो, आणि बहुतेक चार्जिंगच्या जागा एकट्या गाडीच्या मापाच्या असल्याने दर वेळी ट्रेलर सोडून बाजूला लावायचा, चार्ज करायचं, पुन्हा जोडायचा. काकूंनी त्याला वरणभात वाढला.

काकांचा निकाल लागला आहे, आणि तो कोणीही विचारला तर ते फोनवर तासभर सांगतात. थोडक्यात असा: आधी ट्रेलर निवडा, तोही बुटका, गोल आणि सतराशे पौंडांच्या आतला, मग वर्षभर जी गाडी लागते तीच, तिची ओढण्याची मर्यादा निदान त्याच्या दीडपट असेल तर, ठेवा. ट्रेलर चार हजार पौंडांच्या वरचा हवाच असेल तर मुकाट्याने पिकअप घ्या, तोही हायब्रिड, आणि ॲव्हरेजची चर्चा बंद करा. सिएना अजून तीच आहे. सतरा फुटी ट्रेलर विक्रीला काढला आहे. एका मालकाने वापरलेला, पाण्याची टाकी जवळजवळ न वापरलेली, हिंगाचा वास किमतीत धरलेला नाही.