गिरणीतलं गिळणं

लोअर परळला जेवायचं तर आता टेबल आधी राखून ठेवावं लागतं. १९८२च्या गिरणी संपात जिथली चाकं थांबली, त्या आवारात उघड्या विटा, गंजका पंखा आणि मुद्दाम न रंगवलेली भिंत यांचं भाडं बिलात लागतं. वडापाव पाटीवर येतो (पाटी शाळेचीच, पेन्सिल तेवढी नसते), चटणी ड्रॉपरमधून. एकेकाळी याच गिरणगावात बायका घरात खानावळ चालवायच्या आणि कामगार पगार झाला की महिन्याचा हिशेब चुकता करायचे. ‘कन्सेप्ट’ एकच: भाकरी गरम आहे तोवर या. धोबीतलावचं १९०४चं कयानी हे इराणी हॉटेल मात्र खरोखरच जुनं आहे. त्यामुळे फोटोत तितकंसं जुनं दिसत नाही. मावा केक तेवढा सकाळीच गाठावा.