फॉरमॅट मारा न, राजेहो!

वाशिमात संगणकाला काहीही होवो, औषध एकच: फॉरमॅट. पडदा काळा पडला, फॉरमॅट. माउस अडला, फॉरमॅट. त्यामुळे आमच्या लॅपटॉपवर उबुंटूचं अपडेट चालू असताना लाइन गेली आणि शोभेपुरत्या बॅटरीनंही मान टाकली, तेव्हा शेजारचे काका निदान घेऊन हजर. "काहून डोकं लावता? फॉरमॅट मारा न!"

लाइन आल्यावर पडद्यावर मात्र स्वच्छ लिहून आलं: डीपीकेजीचं, म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामचं, काम मध्येच तुटलं, अमुक आज्ञा द्या. एवढी सरळ सूचना आजवर कुठल्याही कागदावर वाचल्याचं आठवत नाही. पुण्याच्या भाच्याला फोन लावला.

"मामा, लिहा. सुडो डीपीकेजी. मग आडव्या रेघा."

"किती?"

"दोन. चिकटून कॉन्फिगर. मग जागा, एक रेघ, ए."

अर्धवट बसलेली पॅकेजेस एकेक करून बसू लागली आणि नवं गाणं सुरू झालं: मोडकी पॅकेजेस अडून आहेत. ह्याला ते पॅकेज हवं, त्याला तिसरं, तेही ठरावीक आवृत्तीचंच. लग्नात मामाशिवाय नवरदेव हलेना, जावयाशिवाय मामा हलेना, आणि जावई मांडवामागं रुसलेले! डेबियनची मंडळी कित्येक वर्षांपासून हे मानपान सांभाळताहेत. उबुंटू त्यांच्याच घरचं.

"देशभरातल्या जिल्हा न्यायालयांत उबुंटूच चालतं," मी काकांना ऐकवलं. "तिथं कोणी फॉरमॅट मारतं का?"

"मंग माह्या धुऱ्याच्या केसचं अपडेट काहून येत नाही?"

यावर डीपीकेजीकडंही आज्ञा नाही.

रुसवा अखेर बाहेरचाच निघाला. व्हिडिओच्या एका प्रोग्रामसाठी भाच्यानंच दिवाळीत परकी रिपॉझिटरी जोडली होती. तिथून आलेली लायब्ररी इतकी नवी, की घरच्या पॅकेजांशी तिचं जमेना. भाचा फोनवर एकदम गप्प. मग म्हणाला, "मामा, रेंज नाहीये."

तेव्हा मंडळी, फॉरमॅटआधी पडद्यावरच्या शेवटच्या ओळी वाचा; उपाय बहुधा तिथंच छापलेला असतो. आणि पाहुणी रिपॉझिटरी पीपीए (खासगी पॅकेज-कोठार) असेल, तर 'पीपीए-पर्ज' वापरा. ते तिला बंद करतं आणि तिच्या पॅकेजांच्या जागी उबुंटूच्या मूळ आवृत्त्या परत बसवतं.