अण्णांचा प्लॉट आणि आत्याबाईंच्या पाटल्या

"अहो वहिनी, ऐकलंत का? अण्णांनी शब्द फिरवला!"

"प्लॉटचा? पुतण्याला देणार होते तो?"

"तोच. सत्यनारायणाला चार माणसांत म्हणाले होते ना, 'मला शेवटपर्यंत सांभाळ, मागचा प्लॉट तुझा.' आता म्हणे मुलींना देणार. पुतण्याची बायको तडक वकिलाकडे गेली."

"मग? साक्षीला आपण सगळे आहोत की!"

"आपण काय कामाच्या! जमीनजुमला बक्षीस द्यायचा तर नोंदणी केलेलं बक्षीसपत्र हवं, वर दोन साक्षीदारांच्या सह्या. कायदा 1882 चा आहे. वकील म्हणाले, सेवेच्या बदल्यात प्लॉट असा सौदाच ठरला होता, असं म्हणून भांडता येईल. पण शाबीत कसं करणार? भात वाढून पावती घेतं का कुणी?"

"आणि आधीच कागद मागितला असता तर म्हणाले असते, माझ्या मरणावर टपलेत."

"तेच तर! त्यातून अण्णा हिशेबी. प्लॉटचं सोडा, पण मुलीला राहतं घर दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपयांत भागतं, पुतण्याला ती सवलत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक."

"आत्याबाईंनी बारशाला सुनेच्या हातात पाटल्या घातल्या, त्याही परत मागताहेत म्हणे."

"मागू देत. दागिना हातात दिला, तिनं घेतला, बक्षीस पुरं झालं. त्याला कागद लागत नाही. आता म्हणतात, 'मला सांभाळेल म्हणून दिल्या होत्या.' मनातली अट मनातच राहिली, त्याला सून काय करणार?"

"पण म्हातारी माणसं देऊन फसतात, त्याचं काय हो?"

"साठीपुढच्यांसाठी 2007 चा कायदा आहे. सांभाळायच्या अटीवर दिलं नि पोरानं पाहिलं नाही, तर प्रांतसाहेबांकडे अर्ज करायचा, बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. फक्त ती अट दाखवता आली पाहिजे. 2025 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका आईला तिची मालमत्ता परत दिली. आईला सांभाळीन, असा मुलाचा कागद होता तिच्याकडे. अण्णांच्या पुतण्याकडे काय आहे? सत्यनारायणाचा प्रसाद!"

"आता अण्णांचा डबा बंद होणार तर."

"सकाळी पुतण्याची बायको तावातावानं म्हणत होती खरी, बंद करते. संध्याकाळी गेला हो डबा. वरणात पाणी जरा जास्त असेल, एवढंच."