फिर्यादी, गुन्हा कबूल?

सायबर गुन्ह्यातला आरोपी लवकर सापडत नाही, अशी धाराशिव जिल्ह्यात लोकांची उगाच ओरड असते. तो तर पासबुक घेऊन आपल्या पायानं बँकेत येतो!

समजा, कळंबकडचे एक आबा. सोयाबीनची पट्टी नुकतीच खात्यावर पडलेली. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली, आबांनी ती उघडली आणि खातं साफ झालं. आता काउंटरवर जबाब सुरू होतो.

“फाइल कशाला दाबली, आबा? वाचता येत नाही का?”

“वाचलं म्हणूनच दाबलं, साहेब. सरकारचं नाव होतं की त्येच्यावर.”

“ओटीपी दिल्याशिवाय पैसे जात नसतात!”

ओटीपीचा मेसेज त्या फाइलनंच परस्पर वाचलेला असतो. पण साहेबांना चोराची तऱ्हा ठाऊक नसली तरी आबांची ठाऊक असते. पुढं ठाण्यात निदान होतं : “लोभ सुटला असणार.” दोन हजारांच्या हप्त्याचा लोभ! जनजागृतीच्या व्याख्यानात वक्ते शिक्का मारतात : “माणूस अडाणी असला की फसतो.”

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून हॅकरांनी 94 कोटींहून अधिक रुपये पळवले. 28 देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. तेव्हा बँकेला लोभ सुटला होता, असं कुणी म्हणालं नाही. बँक लुटली की ‘सायबर हल्ला’, आबा लुटले की ‘निष्काळजीपणा’.

अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानं बँकेवर टाकला. पण एवढे कष्ट घ्यायचे कशाला? आबा स्वतःच म्हणतात, “म्याच दाबलं.” एवढा प्रामाणिक आरोपी हाती असताना खरा चोर शोधणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन गेला, तर पैसे वाटेतच गोठवता येण्याची आशा असते. पण आबा दोन दिवस घरातही बोलले नाहीत. लेकरं हसतील, साहेब झापतील, गावभर होईल! तेवढ्या वेळात पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरून पार झाले.

म्हणून चोरांना नम्र विनंती : कमाईतला काही टक्के हिस्सा आमच्या साहेबांना आणि वक्त्यांना पोचवावा. तुमच्या माणसांना तोंड बंद ठेवायला पगार द्यावा लागतो; इथं फसलेल्यांची तोंडं ही मंडळी फुकटात बंद करतात.