मोकळा रस्ता मारतो

ग्रीसच्या बेटावर भाड्याची गाडी घ्यावी का, याबद्दल पुण्या-मुंबईच्या जाणकारांचं एकमत आहे: आधी घाबरावं, मग विमा काढावा. अरुंद रस्ते, अंगावर येणाऱ्या गाड्या, मध्येच ठाण मांडून बसलेल्या शेळ्या, असं ते वर्णन करतात. हेच वर्णन अक्कलकोटहून मैंदर्गीमार्गे दुधनीला जाणाऱ्या माणसाला ऐकवलं, तर तो विचारील, ‘‘मग यात परदेश कुठं आला?’’ गळिताच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या जोडट्रॉल्या ज्याने रात्री ओलांडल्या, सुगीत भर डांबरावर टाकलेल्या राशीवरून ज्याने गाडी नेली, त्याला क्रीटची शेळी काय नवं शिकवणार? क्रीटच्या डोंगरात रस्त्याच्या पाट्यांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकं दिसतात, हे खरं आहे. आपल्याकडे बरेचदा पाटीच नसते, त्यामुळे नेम धरण्याचा प्रश्न येत नाही.

बारकाईने पाहिलं तर साम्य वाढतच जातं. मागून डिपर मारणारा ग्रीक ‘आधी तुम्ही जा’ म्हणत नसतो. ‘मी आलोय, सरका’ म्हणत असतो. आपलाही अर्थ हाच. हळू जाणाऱ्याने साइडपट्टीवर उतरून मागच्याला वाट द्यायची, हा तिथला रिवाज आपल्याकडे साइड देणं या नावाने नांदतो. लिपीची अडचणही पुणेकराला. मैंदर्गीचा माणूस मराठी आणि कानडी पाट्यांच्या मधोमध वाढलेला, आणि बेटांवरच्या मुख्य पाट्या ग्रीकच्या जोडीला रोमन लिपीत असतातच. वळणावर छोटी देवळी दिसली तर हात जोडावेत, पण वेगही कमी करावा. अशा कित्येक देवळ्या तिथे अपघात झाला किंवा त्यातून कुणी वाचलं म्हणून उभारलेल्या असतात.

म्हणून माझं म्हणणं असं की, मैंदर्गीच्या चालकाला ग्रीसमधली गर्दी मारणार नाही. मारील तो मोकळा रस्ता. ग्रीसमध्ये गाडी उजव्या बाजूने चालते. गर्दीत हे विसरणं अवघड, कारण पुढचा जिकडे जातो तिकडे आपण जातो, आणि पुढच्याच्या मागे जाण्यात आपला हातखंडा आहे. पण सकाळी हॉटेलातून बाहेर पडताना, पेट्रोल भरून निघताना, जेवून तृप्त झाल्यावर, समोर चिटपाखरू नसतं. तेव्हा हात डोक्याला विचारत नाहीत. ते जन्मभराच्या सवयीने गाडी डावीकडे घेतात, आणि पहिल्या आंधळ्या वळणापर्यंत सगळं अगदी बरोबर वाटतं.

कुणी म्हणेल, स्टिअरिंगच डावीकडे असतं, आठवण राहणारच. स्टिअरिंग फार तर इंडिकेटरची आठवण ठेवतं, तीही उलटी. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, तिथे डाव्या. त्यामुळे कडक उन्हाळ्यात, ढगाचा ठिपका नसताना, वायपर फिरवत वळणारी गाडी दिसली तर आत आपलंच कुटुंब आहे असं खुशाल समजावं. दुसरा आक्षेप: आम्ही घाट पाहिलेत. पाहिलेत, पण गोव्याला जाताना. मैंदर्गीची काळी जमीन सपाट. रस्ता चुकला तर माणूस तुरीत जातो आणि शेतकऱ्याच्या चार शिव्या खाऊन परत येतो. सँटोरिनीच्या कड्यावर ही सोय नाही.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: गोव्यात भाड्याची गाडी चालवली, काही झालं नाही. गोव्यात बाजू तीच असल्याने ही तालीम अर्धीच. पण उरलेला अर्धा धडा कामाचा आहे. स्वतः चालवायला कायदेशीर भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. दोनशे रुपये वाचतात म्हणून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी घेणारा अपघातानंतर विमा कंपनीसमोर उभा राहतो, तेव्हा ते दोनशे रुपये फार महाग पडतात. ग्रीसमध्ये हीच गत आंतरराष्ट्रीय परवान्याशिवाय गाडी घेणाऱ्याची. शिवाय ‘फुल इन्शुरन्स’ ऐकून हुरळून जाऊ नये. टायर, काचा आणि गाडीचं पोट त्यातून बरेचदा वगळलेलं असतं. क्रीटमधल्या बालोसच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता कच्चा, आणि कच्च्या रस्त्यावरचं नुकसान भाडेकरूच्याच माथी. कच्च्या रस्त्याचं आपल्याला काय, हा अभिमान इथे पदरमोड करायला लावतो. दारूबद्दल वाद नको: तिथली मर्यादा रक्तात 0.05 टक्के, आपली 0.03, पण त्या फरकाएवढी ऊझो मोजून पिणारा अजून जन्मायचा आहे.

डावीकडे ओढणाऱ्या हातांवर यंत्राचा उपाय नाही, माणसाचा आहे. चालकाशेजारची सीट तिथे उजवीकडे येते. तिथे बसणाऱ्याने, मग ती बायको असो, मेहुणा असो की आत्या, गाडी सुरू होताच दर वेळी मोठ्याने ‘‘उजवीकडे!’’ म्हणावं, आणि चालकाने तो अपमान मानू नये. बाकी आंतरराष्ट्रीय परवाना सोलापूरच्या आरटीओतच मिळतो, एक वर्ष चालतो. विमानाची तिकिटं काढाल त्याच आठवड्यात अर्ज करा.