पूर्व खानदेशचं कॅबिनेट, पश्चिम खानदेशची वीज

1906 साली इंग्रज सरकारने खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे केले. जळगावकडचा पूर्व खानदेश, धुळ्याकडचा पश्चिम खानदेश. तोवर अख्ख्या खानदेशाची कचेरी धुळ्यात होती, हे धुळ्याचा माणूस अजूनही कुणी विचारलं नसताना सांगतो. जळगावचा माणूस त्यावर वाद घालत नाही. तो फक्त आजचा सोन्याचा भाव सांगतो आणि गप्प बसतो. पुढे जिल्ह्यांची नावं बदलली, 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळं निघालं, पण हा हिशेब काही मिटला नाही. आमच्या धुळ्याच्या घरात जळगावहून कॉम्प्युटर आला आणि तो हिशेब पुन्हा उघडला गेला.

कॉम्प्युटर चिरंजीवांसाठी. ते लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतात. पूर्वी या धंद्यात नवरा-नवरीची तोंडं बदामाच्या आकारात बसवली की पैसे मिळत. आता ड्रोन असतो, तीन-चार कॅमेरे असतात, हळदीच्या रात्री अहिराणी गाण्यावर सगळी भाऊबंदकी नाचलेली असते आणि त्यातली प्रत्येक आत्या निदान दोनदा दिसावीच लागते. जुन्या लॅपटॉपवर एक लग्न एक्सपोर्टला लावलं की ते संपेपर्यंत दुसऱ्या नवरीचा बाप दारात उभा. शेवटी चिरंजीव म्हणाले, "बाबा, नवीन मशीन असेंबल करून घ्यावं लागेल."

"रेडिमेड नाही का मिळत?"

या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पूर्वी एकदाच पाहिली होती. लग्नाच्या वेळी हिच्या माहेरी मी तयार मंगळसूत्राबद्दल विचारलं होतं तेव्हा.

हिचं माहेर जळगाव. तिथे आमचे साडूभाऊ राहतात आणि त्यांची सगळीकडे ओळख असते. ओळख नसलेल्या दुकानात खानदेशी माणूस काडेपेटीसुद्धा दोनदा मोजून घेतो, मग लाखाच्या आसपासची वस्तू तो अनोळखी माणसाकडून घेणार कशी? धुळ्यात, आग्रा रोडपासून सायकलने जाता येईल अशा अंतरावर, चांगली दुकानं होती. ती बाद झाली. साडूभाऊ चिरंजीवांना घेऊन गोलाणी मार्केटचे जिने चढले आणि ओळखीच्या दुकानातून एक कोटेशन घेऊन उतरले.

ते कोटेशन मी तीनदा वाचलं. प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट (काचेचं, दिव्यांसकट), वर 18 टक्के जीएसटी, आणि खाली बारीक अक्षरात: रॅमचा भाव फक्त आजच्या दिवसापुरता. 2025च्या दिवाळीच्या आगेमागे रॅम जी चढायला लागली ती थांबेना. जगभरच्या एआयवाल्यांनी डेटा सेंटरं उभारायला घेतली, चिप बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी माल तिकडे वळवला आणि आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाला उरलंसुरलं राहिलं. मायक्रॉनने तर डिसेंबरात जाहीरच केलं की क्रुशिअल या नावाने घरगुती गिऱ्हाइकाला रॅम विकणं आता बंद. मला हे सगळं समजायला वेळ लागला. हिला क्षणभरही लागला नाही. जळगावात वाढलेल्या बाईला चढत्या भावाचं शास्त्र शिकवावं लागत नाही. "आजच घ्या, उद्या पस्तावाल," एवढं बोलून तिने डाळ फोडणीला टाकली.

दुकानदाराने मला फोनवर एकच प्रश्न विचारला. "काका, घरात कूलर आहे का? हवेचा, मोठा?" आहे म्हटलं. "त्याच्या तोंडासमोर मशीन ठेवू नका बरं का भो. ओली हवा आणि धूळ, दोन्ही आत जातं." पुण्या-मुंबईचा दुकानदार हा प्रश्न विचारणार नाही, कारण त्याने भुसावळचा मे महिना पाहिलेला नसतो. आमच्याकडे पारा 45च्या पुढे जातो. प्रोसेसरवर कितीही महागाचा पंखा बसवा, तो खोलीतलीच हवा ओढणार. खोलीत 42 असेल तर प्रोसेसर 42च्या खाली येणं देवालाही शक्य नाही. माणसाला निदान वाळ्याचं पाणी पिता येतं.

असेंबल करून घेण्याची ही हौस तशी जुनी आहे. 1975च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर 8800 नावाचा कॉम्प्युटर झळकला. लोकांनी पोस्टाने पैसे पाठवले, पार्सलातून सुटे भाग आले आणि ते घरी बसून त्यांनी डाग देऊन जोडले. सगळं नीट जमलं तर पुढच्या बाजूचे बारीक दिवे लुकलुकत. स्क्रीन नव्हताच. म्हणजे आमच्याकडे पुढे जे झालं, ते त्या लोकांच्या दृष्टीने पूर्ण यश होतं. मग 1981 साली आयबीएमने बाजारात मिळणारे भाग जोडूनच आपला पीसी काढला आणि इतरांना वाट मोकळी झाली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस आणि आमचे गोलाणीतले जिने ही सगळी त्याची पुढची पिढी.

फक्त एक अडचण आहे. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरला एक बाप नसतो. आठ-नऊ असतात. प्रोसेसरची वॉरंटी एका कंपनीची, बोर्डाची दुसऱ्या, रॅमची तिसऱ्या. प्रत्येकीची मुदत निराळी, सर्व्हिस सेंटर निराळ्या गावी. मशीन चाललं की श्रेय घ्यायला सगळे हजर. बंद पडलं की बोर्डवाला रॅमकडे बोट दाखवतो, रॅमवाला एसएमपीएसकडे, एसएमपीएसवाला तुमच्या घरच्या विजेकडे आणि वीज बिचारी कुणाकडे बोट दाखवणार?

दुकानात मशीन सुरू करून दाखवलं, त्याचा व्हिडिओ आला, पैसे गेले. आणायचं काम साडूभाऊंनी अंगावर घेतलं, कारण त्यांना धुळ्यात लग्नाला यायचंच होतं. दुकानदाराने बजावलं होतं की कॅबिनेट आडवं झोपवा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं वजन खाचेवर लोंबकळणार नाही. साडूभाऊंनी ते झोपवलंही होतं. पण जळगावहून धुळ्याला येणारी गाडी भरिताच्या वांग्यांशिवाय निघू शकत नाही. बामणोदची वांगी आली, त्यांचं पोतं डिकीत आडवं पडलं आणि कॉम्प्युटर उभा राहिला. एरंडोल, पारोळा करत नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर तो उभ्याने आला. वांगी मात्र एकही चेपली नव्हती, हे मान्य केलं पाहिजे.

घरी हिने हळदकुंकू वाहिलं, काचेवर स्वस्तिक काढलं, नारळ बाहेर अंगणात फोडला. चिरंजीवांनी बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले, निळे, मग जांभळे, मग हिरवे. मॉनिटर मात्र काळाच राहिला, आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य इकडून तिकडे तरंगायला लागलं.

जळगावला फोन लागला. "आमच्याकडे त चालू होतं ना भो!"

हे वाक्य खोटं नव्हतं, व्हिडिओ होता. पण या वाक्यापुढे माणसाला बोलताच येत नाही. साडूभाऊंनी ते लगेच उचललं. जळगावात चालू होतं, धुळ्यात बंद पडलं, म्हणजे दोष कुठे आला ते तुम्हीच बघा.

आता, बोर्डाच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. मशीन सुरू होताना एकेकाची हजेरी घेतं. जो दिवा लागून राहील तिथे गाडी अडली. आमच्याकडे व्हीजीएचा दिवा लागलेला होता. म्हणजे ग्राफिक्स कार्ड. रोग स्वतःच आपलं नाव सांगत होता. पण घरात सात माणसं होती आणि सातही बोलत होती, त्यामुळे त्याचं कुणी ऐकलं नाही. "आतला सेल काढून परत घाल," साडूभाऊंनी फर्मावलं. त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर एकदा असाच सुरू झाला होता. सेल काढला, घातला. कुणीतरी म्हणालं रॅम काढून खोडरबराने घासा. तेही झालं, घरात शाळेत जाणारी भाची आल्याने खोडरबर तत्काळ मिळालं, त्याला स्ट्रॉबेरीचा वास होता.

आता डीरॅमचा पिवळा दिवा लागला.

घरात सन्नाटा. ग्राफिक्स कार्ड गेलं असतं तर आम्ही सहन केलं असतं, पण रॅम! ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. चिरंजीवांनी मशीन बंद करून चालू केलं. पिवळा दिवा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पिवळा. साडूभाऊंना पाच मिनिटं गप्प बसणं जन्मात जमलेलं नाही; दर दोन मिनिटांनी ते म्हणायचे, "बंद करून चालू कर रे."

अखेर चिरंजीवांनी आपल्या एका मित्राला बोलावलं, जो धुळ्यातच कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. तो आला, कॅबिनेटकडे पाहिलं, बिलाकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "जळगावले कसाले गयात?" उत्तराची वाट न पाहता त्याने मशीन चालू केलं, खुर्ची ओढली, आणि चहा मागितला.

दिवा पिवळाच. "अहो, बघा ना काहीतरी," मी म्हटलं.

"टेन्शन नका ल्या, व्हई जाई. मशीनले काही व्हयेल नही."

मग चहा पिता पिता त्याने सांगितलं ते असं. नव्या डीडीआर5 रॅमला बोर्ड पहिल्या खेपेला पारखून घेतं. सिग्नल कधी पाठवायचा, किती दाबाने, याचा मेळ बसेपर्यंत स्क्रीन काळाच राहतो. यात काही मिनिटं जातात. मेळ बसला की तो लिहून ठेवला जातो. आम्ही सेल काढून आणि रॅम हलवून ते लिहिलेलं पुसलं होतं. बोर्ड नव्याने मेळ बसवायला घ्यायचं आणि साडूभाऊ म्हणायचे, बंद करून चालू कर. तंत्रज्ञान आमच्यावर नाराज नव्हतं, आम्ही त्याचं वाक्य पुरं होऊ देत नव्हतो. चहाचा शेवटचा घोट घेताना पिवळा दिवा विझला आणि व्हीजीएचा लागला. मित्र उठला, आधारासाठी कॅबिनेटच्या पत्र्यावर हात ठेवला, आणि "आयो!" म्हणून हात झटकला.

कॅबिनेटला मुंग्या येत होत्या. करंट!

"बघा," साडूभाऊ म्हणाले, "धुळ्याची वीज."

शेजारचे नाना वायरमन म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांना टेस्टर खिशात ठेवायला एक कारण हवं होतं, ते मिळालं. त्यांनी टेस्टर पत्र्याला लावला, तो मंद पेटला, आणि नानांचा चेहरा त्याच्याहून जास्त उजळला. "अर्थिंग नाही." त्यांचं म्हणणं असं की एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणी म्हणून दोन छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून ते पत्र्याला जोडलेले. अर्थिंग धड असेल तर जी किंचित गळती होते ती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर 230च्या निम्मा, म्हणजे 115च्या आसपास व्होल्टेज उभा राहतो. करंट अगदी बारीक, म्हणून माणूस मरत नाही. फक्त 'आयो' म्हणतो. मग त्यांनी परसात जाऊन अर्थिंगचा खड्डा शोधला. तो कडुनिंबाच्या मुळाशी होता, वर हिने कोरफड लावली होती. पाइपाच्या नटाला गंज, आत मीठ-कोळसा कधीकाळी घातलेला, माती ठणठणीत कोरडी. "यात पाणी कधी घातलं होतं?" नानांनी विचारलं.

अर्थिंगला पाणी घालायचं असतं हे या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. नानांनी नट घासून आवळला, मीठ-कोळसा नव्याने घातला आणि दोन बादल्या पाणी मागितलं. इथे ही आडवी आली. धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही; आलेलं पिंपात, टाकीत, कळशीत, वेळ पडल्यास कुकरमध्ये भरून ठेवावं लागतं. तापीवरून एवढ्या लांब आणलेलं पाणी कॉम्प्युटरसाठी जमिनीत ओतायचं? बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी वांगी आणि तांदूळ धुतलेलं पाणी देण्याचं ठरलं. विजेने काही तक्रार केली नाही. टेस्टर विझला. साडूभाऊ म्हणाले, "आमच्याकडे वाघूरचं भरपूर आहे," आणि कुणीही उत्तर दिलं नाही.

मग मित्राने वायर काढून कार्डाचा स्क्रू सैल केला, टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. कार्डाच्या कडेची सोनेरी पट्टी खाचेतून एका टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी वर आलेली दिसत होती. त्याने अंगठ्याने दाबलं. 'टक्' असा बारीक आवाज झाला. वायर लावली, बटण दाबलं, मॉनिटरवर चित्र आलं. घरातल्या सातही माणसांनी "मी म्हणतच होतो" असं एकदम म्हटलं.

मित्राने पैसे घेतले नाहीत. वांगी घेतली. निघताना त्याची नजर पुन्हा बिलावर गेली. रॅमच्या ओळीवर बोट ठेवून तो थबकला, तारीख बघितली, मोबाइलवर काहीतरी तपासलं आणि आवाज एकदम खाली आणून मला म्हणाला, "दादा, हाई रॅम इकनी शे का?"

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

"किती म्हणतोय?"