गोऱ्या-काळ्यांची एक पंगत : नवशिक्यांसाठी कृती

साहित्य : एक डोंगर, गोलात मांडायला डुलत्या खुर्च्या आणि एकच जेवणघर. बंधुभावावरचं भाषण लागत नाही. हाताशी असल्यास बाजूला काढून ठेवावं.

आधी जागा पाहावी. मायल्स हॉर्टन यांनी १९३२ मध्ये सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, मॉन्टीगलच्या डोंगरावर ‘हायलँडर फोक स्कूल’ काढली. गोऱ्या-काळ्यांना एका शाळेत शिकवणं तिथं गुन्हा होता. सुरुवातीला गोरे कामगारच येत. मिश्र वर्ग चाळीसच्या दशकात भरू लागले. तेव्हा पहिल्याच दिवशी उकळी येईल अशी आशा धरू नये.

आता अवघड भाग. दोघांना एका टेबलावर जेवायला बसवायचं कसं, असं लोक हॉर्टनना फार गंभीरपणे विचारत. त्यांची कृती अशी : अन्न शिजवावं, टेबलावर मांडावं, घंटा वाजवावी.

जेवणानंतर चर्चा. ज्याचा प्रश्न त्यानंच मांडावा. ‘आपण सारे एकच’ असं कुणी म्हणू लागला, तर त्याला भांडी घासायला पाठवावं. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स इथं शिबिराला आल्या. विषय होता शाळांमधला वर्णभेद कसा मोडायचा, पण पुढं त्या आवर्जून सांगत ते सकाळच्या बेकन-कॉफीच्या वासाबद्दल. कारण चुलीपाशी गोरी माणसं होती. जन्मभर पार्क्स यांनी उलटं पाहिलं होतं. त्याच डिसेंबरात मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून त्या उठल्या नाहीत. (सगळं श्रेय शिबिराला देऊ नये, चळवळीचं काम त्या आधीपासूनच करत होत्या.)

शिक्षक नेमताना पदवी पाहू नये. साउथ कॅरोलिनातल्या जॉन्स बेटावर काळ्या प्रौढांना मतदार नोंदणीपुरतं लिहा-वाचायला शिकवायचं होतं. हायलँडरच्या मदतीनं १९५७ मध्ये एका दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, धंदा केशरचनेचा. गिऱ्हाइकं काळीच, त्यामुळं नोकरीवरून काढायला कुणी गोरा मालक नव्हता. ही भीती पोकळ नव्हती : त्यांची निवड करणाऱ्यांपैकी सेप्टिमा क्लार्क यांची सरकारी शाळेतली नोकरी ‘एनएएसीपी’ या काळ्यांच्या हक्कसंघटनेचं सदस्यत्व सोडलं नाही म्हणून गेली होती. गोऱ्या मित्रांनी इथं पैसे जमवावेत आणि खुर्ची अडवू नये. नवशिके चुकतात ते नेमके इथंच.

पदार्थ जमला हे कसं ओळखावं? सरकार बिथरतं. मार्टिन ल्यूथर किंग हायलँडरच्या एका समारंभाला आले, तर त्यांचा तिथला फोटो ‘कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळेत’ अशा मथळ्याखाली रस्तोरस्ती फलकांवर झळकला. १९५९ मध्ये पोलिसांची धाड पडली. बिनपरवाना बिअर विकल्याचा ठपकाही ठेवला गेला आणि १९६१ मध्ये शाळेची मान्यता रद्द होऊन मालमत्तेचा लिलाव झाला. त्याच वर्षी ती नव्या नावानं नॉक्सव्हिलला उघडली. आता न्यू मार्केटला आहे. मार्च २०१९ मध्ये तिथलं मुख्य कार्यालय जळालं. आवारात वर्णवर्चस्ववाद्यांचं चिन्ह रंगवलेलं सापडलं. शिबिरं थांबली नाहीत.